एक्सएमएलमधील पुनरावृत्त घटकांचे वस्तुसंग्रहात रूपांतर

एक्सएमएल दस्तऐवजात एकाच नावाने पुन्हा पुन्हा येणारे घटक वाचून त्यांची संगणकीय आज्ञावलीतील यादी, सरणी किंवा तत्सम वस्तुसंग्रहाशी सांगड घालण्याच्या प्रक्रियेस पुनरावृत्त घटकांचे वस्तुसंग्रहात रूपांतर असे म्हणतात. एक्सएमएल आणि वस्तुनिष्ठ भाषांतील वर्ग, म्हणजेच क्लास, यांची जोडणी करणाऱ्या प्रक्रियेचा हा एक भाग होय. ग्रंथालयाच्या सूचीतील ग्रंथ, वृत्तप्रवाहातील बातम्या, देयकातील वस्तूंच्या ओळी, विश्वकोशातील पानाच्या आवृत्त्या ही अशा घटकांची नेहमीची उदाहरणे आहेत.

एखादा घटक एकच येणार आहे की अनेकदा येऊ शकतो, हे एक्सएमएल दस्तऐवजाच्या केवळ रूपावरून निश्चित सांगता येत नाही. ती माहिती दस्तऐवजाच्या बाहेरून, म्हणजे स्कीमातून किंवा आज्ञावलीतील वर्गाच्या घोषणेतून, पुरवावी लागते. ती न पुरवल्यास किंवा चुकीची पुरवल्यास विदा गळून पडते आणि बहुतेक वेळा अशी गळती कोणताही त्रुटिसंदेश न देता होते.

## पार्श्वभूमी

एक्सएमएल ही खूणभाषा १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या एसजीएमएल या भाषेपासून तयार झाली. टिम ब्रे, जाँ पाओली आणि सी. एम. स्पर्बर्ग-मॅक्वीन यांनी संपादित केलेली एक्सएमएल १.० ही शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. युनिकोड हा या भाषेचा पाया असल्यामुळे घटकांची नावे देवनागरीतही देता येतात. या लेखातील उदाहरणे त्याच सोयीचा उपयोग करून दिली आहेत.

खूणभाषांची मूळ दृष्टी मजकुराची होती. मजकुरात परिच्छेदामागून परिच्छेद येतात, मध्येच एखादी आकृती येते, पुन्हा परिच्छेद येतो. या प्रवाहात ‘यादी’ नावाची वेगळी वस्तू कल्पिण्याची गरज नसते. आज्ञावलीच्या भाषांत मात्र एक ग्रंथ आणि ग्रंथांची यादी हे दोन भिन्न प्रकार आहेत. दोहोंसाठी वेगळी जागा राखावी लागते आणि दोहोंवरील क्रियाही वेगळ्या असतात. एक्सएमएलचा वापर विदेच्या देवाणघेवाणीसाठी होऊ लागल्यावर या दोन दृष्टींचा मेळ घालणे आवश्यक झाले.

## मूळ अडचण : वचनाचा प्रश्न

पुढील दस्तऐवजात दोन ग्रंथांची नोंद आहे.

    <सूची>
      <ग्रंथ>
        <नाव>शास्त्रीय मराठी व्याकरण</नाव>
        <ग्रंथकार>मोरो केशव दामले</ग्रंथकार>
      </ग्रंथ>
      <ग्रंथ>
        <नाव>महाराष्ट्र शब्दकोश</नाव>
        <ग्रंथकार>यशवंत रामकृष्ण दाते</ग्रंथकार>
        <ग्रंथकार>चिंतामण गणेश कर्वे</ग्रंथकार>
      </ग्रंथ>
    </सूची>

पहिल्या नोंदीत ‘नाव’ आणि ‘ग्रंथकार’ हे दोन्ही घटक एकेकदा आले आहेत. त्यांच्या लेखनात कोणताही फरक नाही. तरीही ‘नाव’ स्वभावतः एकच असते आणि ‘ग्रंथकार’ या ठिकाणी योगायोगाने एकच आहे. हा फरक फक्त दुसरी नोंद पाहिल्यावर कळतो. दुसरी नोंद दस्तऐवजात नसती, तर तो कळण्यास काहीच मार्ग नव्हता.

मराठी व्याकरणात याचे जवळचे उदाहरण आहे. आकारान्त नसलेल्या पुल्लिंगी नामांची रूपे दोन्ही वचनांत सारखीच राहतात. एक ग्रंथ, दहा ग्रंथ. एक लेखक, अनेक लेखक. ‘ग्रंथ’ हा शब्द सुटा वाचला तर त्याचे वचन ठरवता येत नाही. ‘ग्रंथ आला’ किंवा ‘ग्रंथ आले’ असे क्रियापद जोडले की ते स्पष्ट होते. एक्सएमएलमधील घटकाची स्थिती त्या सुट्या नामासारखी असते आणि क्रियापदाचे काम स्कीमाला किंवा वर्गाच्या घोषणेला करावे लागते.

जेसन या विदास्वरूपात ही अडचण उद्भवत नाही. तेथे यादी चौकटी कंसांत लिहिली जाते आणि तिच्यात एकच सदस्य असला, किंबहुना एकही नसला, तरी कंस कायम राहतात. त्यामुळे एक्सएमएलचे जेसनमध्ये यांत्रिक रूपांतर करणारी साधने हमखास अडचणीत येतात. कंस घालावेत की नाही याचा निर्णय त्यांना समोरच्या घटकांची संख्या पाहूनच घ्यावा लागतो. परिणामी वरील सूचीतील दुसऱ्या ग्रंथाचे ग्रंथकार यादी म्हणून येतात, तर पहिल्याचा ग्रंथकार साध्या मजकुराच्या रूपात येतो. पुढची आज्ञावली यादीच्या अपेक्षेने लिहिलेली असेल, तर ती दोन ग्रंथकारांपाशी नीट चालते आणि एका ग्रंथकारापाशी अडते.

## अनेकत्वाची घोषणा

घटक किती वेळा येऊ शकतो हे औपचारिकपणे सांगण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत.

डीटीडी ही एसजीएमएलकडून आलेली पद्धत आहे. तिच्यात घटकाच्या नावापुढे चिन्ह लिहितात. चिन्ह नसल्यास घटक नेमका एकदा येतो, ‘?’ असल्यास तो ऐच्छिक असतो, ‘+’ असल्यास एक किंवा अधिक वेळा येतो आणि ‘*’ असल्यास शून्य किंवा अधिक वेळा येऊ शकतो.

एक्सएमएल स्कीमा ही शिफारस २ मे २००१ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘मिनऑकर्स’ आणि ‘मॅक्सऑकर्स’ हे दोन गुणधर्म किमान व कमाल संख्या सांगतात. काहीही न लिहिल्यास दोहोंचे मूल्य १ मानले जाते. कमाल मर्यादा नसेल तर ‘अनबाउंडेड’ असे लिहितात. मूळ मूल्य १ असल्यामुळे स्कीमा लिहिणाऱ्याने अनेकत्वाचा उल्लेख केला नाही, तर तो घटक एकवचनी ठरतो.

रिलॅक्स एनजी ही स्कीमाभाषा जेम्स क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी तयार केली. तिच्यात संख्या गुणधर्माने न सांगता ‘झिरोऑरमोअर’ आणि ‘वनऑरमोअर’ या घटकांत पुनरावृत्त भाग गुंफला जातो.

स्कीमा उपलब्ध असल्यास तिच्यावरून वर्ग आपोआप तयार करणारी साधने वापरता येतात. कमाल संख्या १ पेक्षा अधिक असलेल्या प्रत्येक घटकासाठी ही साधने यादी निर्माण करतात. स्कीमा नसल्यास हा निर्णय आज्ञावलीकाराने स्वतः घ्यावा लागतो. हाती असलेला नमुना दस्तऐवज पाहून तो घेणे धोक्याचे असते, कारण नमुन्यात एकदाच आलेला घटक प्रत्यक्षात अनेकदा येणारा असू शकतो.

गुणधर्मांबाबत हा प्रश्न येत नाही. एका घटकात एकाच नावाचा गुणधर्म दोनदा आल्यास दस्तऐवज सुघटित राहत नाही आणि पार्सर तो नाकारतो. म्हणून ज्याची पुनरावृत्ती संभवते अशी माहिती घटक म्हणूनच लिहावी लागते. एक्सएमएल स्कीमातील ‘लिस्ट’ प्रकारात एकाच घटकात किंवा गुणधर्मात अनेक मूल्ये रिकाम्या जागेने विभागून लिहिता येतात. परंतु तो पुनरावृत्त घटकांचा प्रकार नव्हे. रिकामी जागा असलेल्या व्यक्तिनामांसारख्या मूल्यांसाठी तो उपयोगीही पडत नाही.

## रचनेचे दोन प्रकार

पुनरावृत्त घटक दस्तऐवजात दोन प्रकारे मांडले जातात.

### वेष्टनरहित रचना

या रचनेत पुनरावृत्त घटक आपल्या पालक घटकात थेट येतात. वरील उदाहरणातील ‘ग्रंथकार’ घटक याच प्रकारचे आहेत. ते ‘नाव’ या घटकाचे सख्खे शेजारी आहेत. आरएसएस २.० या वृत्तप्रवाह-स्वरूपातही ‘चॅनल’ या घटकात शीर्षक, दुवा व वर्णन यांच्या बरोबरीनेच ‘आयटम’ हे घटक हवे तितक्या वेळा येतात.

### वेष्टनयुक्त रचना

या रचनेत पुनरावृत्त घटकांभोवती केवळ त्यांना एकत्र ठेवण्यासाठी एक जादा घटक असतो. त्याला वेष्टन म्हणता येईल.

    <ग्रंथ>
      <नाव>महाराष्ट्र शब्दकोश</नाव>
      <ग्रंथकारमंडळ>
        <ग्रंथकार>यशवंत रामकृष्ण दाते</ग्रंथकार>
        <ग्रंथकार>चिंतामण गणेश कर्वे</ग्रंथकार>
      </ग्रंथकारमंडळ>
    </ग्रंथ>

आज्ञावलीतील वर्गात ‘ग्रंथकार’ ही एकच यादी असते. दस्तऐवजात मात्र तिच्यासाठी दोन पातळ्या असतात. वेष्टनासाठी वेगळा वर्ग लिहिणे शक्य असले, तरी त्यामुळे प्रत्येक वेळी एक निरर्थक पायरी उतरावी लागते. म्हणून बहुतेक साधने वेष्टनाचे नाव घोषणेत नोंदवून ती पातळी वगळण्याची सोय देतात.

वेष्टन वाचकाला अनेकत्वाची सूचना देते. परंतु यंत्राच्या दृष्टीने मूळ अडचण त्याने पूर्णपणे सुटत नाही. वेष्टनात एकच ‘ग्रंथकार’ असल्यास स्कीमा न पाहणाऱ्या साधनाला ते वेष्टन एकवचनी घटक असलेल्या साध्या पालक घटकासारखेच दिसते.

## विविध भाषांतील साधने

जावा – जॅक्सबी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोडणी-मानकाची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जावा एसई ६ मध्ये ते समाविष्ट झाले आणि २०१८ मधील जावा ११ पासून ते मूळ संचातून वगळून स्वतंत्र करण्यात आले. यात वर्गातील यादीवर ‘एक्सएमएलएलिमेंट’ हे ॲनोटेशन लिहिल्यास वेष्टनरहित रचना गृहीत धरली जाते. वेष्टन हवे असल्यास ‘एक्सएमएलएलिमेंटरॅपर’ हे ॲनोटेशन जोडावे लागते. स्कीमावरून तयार झालेल्या वर्गांत यादी मिळवण्याची पद्धत असते, पण नवी यादी नेमण्याची नसते. मिळालेल्या यादीतच सदस्य जोडावे लागतात.

जॅक्सन या ग्रंथालय-संचाच्या एक्सएमएल विभागात मूळ गृहीतक नेमके उलट आहे. तेथे यादीसाठी वेष्टन आहे असे मानले जाते आणि वेष्टनरहित रचना हवी असल्यास ते स्पष्टपणे नाकारावे लागते. एका साधनासाठी लिहिलेले वर्ग दुसऱ्या साधनाकडे नेताना होणाऱ्या चुकांचे हे एक प्रमुख कारण आहे.

डॉटनेट – २००२ पासून उपलब्ध असलेल्या ‘एक्सएमएलसिरियलायझर’मध्येही संग्रहासाठी वेष्टनयुक्त रचना गृहीत असते. वेष्टनाचे नाव ‘एक्सएमएलॲरे’ने आणि आतील घटकाचे नाव ‘एक्सएमएलॲरेआयटम’ने ठरवता येते. संग्रहावर ‘एक्सएमएलएलिमेंट’ लिहिल्यास वेष्टन नाहीसे होते.

गो – या भाषेच्या मूळ संचातील एक्सएमएल विभागात संरचनेतील क्षेत्र ‘स्लाइस’ प्रकारचे असल्यास प्रत्येक जुळणारा घटक त्यात भर घालतो. वेष्टन असल्यास त्याचे व आतील घटकाचे नाव ‘>’ या चिन्हाने जोडून मार्ग लिहितात, जसे ‘ग्रंथकारमंडळ>ग्रंथकार’. क्षेत्र स्लाइस नसल्यास नंतरचा घटक आधीच्या घटकाचे मूल्य पुसून टाकतो.

पायथन – २००६ मधील २.५ आवृत्तीपासून मूळ संचात असलेल्या ‘एलिमेंटट्री’मध्ये ‘फाइंडऑल’ ही क्रिया नेहमी यादीच देते. घटक एक असो, अनेक असोत वा एकही नसो. ‘फाइंड’ ही क्रिया मात्र पहिला घटक देऊन थांबते. ‘एक्सएमएलटूडिक्ट’ हे स्वतंत्र साधन घटकांची संख्या पाहून यादी करायची की नाही ते ठरवते. तेथे ‘फोर्सलिस्ट’ या पर्यायाने कोणत्या नावांची नेहमी यादीच करावी हे सांगता येते.

पर्ल – ‘एक्सएमएल सिंपल’ या जुन्या साधनात याच कारणासाठी ‘फोर्सॲरे’ हा पर्याय आहे. नव्या आज्ञावलींत हे साधन वापरू नये असा सल्ला त्याच्या अधिकृत माहितीपत्रकातच दिलेला आहे.

पीएचपी – ‘सिंपलएक्सएमएल’मध्ये एकच घटक असला तरी त्यावर आवर्तन करता येते. परंतु मिळालेली वस्तू थेट जेसनमध्ये रूपांतरित केल्यास एका घटकाची वस्तू होते व अनेक घटकांची यादी होते.

## एक प्रत्यक्ष उदाहरण : मीडियाविकीची निर्यात

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात पाने एक्सएमएल स्वरूपात निर्यात करण्याची सोय आहे. विकिमीडिया फाउंडेशन मराठी विकिपीडियासह आपल्या सर्व प्रकल्पांची विदा अशा फाइलींच्या रूपाने सर्वांसाठी खुली ठेवते. रूपांतराचे जवळजवळ सर्व प्रश्न या एकाच स्वरूपात पाहावयास मिळतात.

फाइलीच्या आरंभी ‘साइटइन्फो’ या घटकात संकेतस्थळाची माहिती असते. तेथे ‘नेमस्पेसेस’ या वेष्टनात चर्चा, सदस्य, साचा, वर्ग इत्यादी नामविश्वांचे ‘नेमस्पेस’ घटक येतात. ही वेष्टनयुक्त रचना आहे. लेखांच्या मुख्य नामविश्वाला नाव नसल्यामुळे त्याचा घटक मजकुराविना रिकामाच असतो. मजकूर नाही म्हणून तो गाळणारी आज्ञावली नेमके लेखांचे नामविश्वच गमावते. त्यानंतर प्रत्येक पानासाठी ‘पेज’ हा घटक मूळ घटकात थेट येतो. ही वेष्टनरहित रचना आहे.

प्रत्येक ‘पेज’मध्ये शीर्षक, क्रमांक आणि ‘रिव्हिजन’ म्हणजे आवृत्ती असते. केवळ सद्य मजकूर असलेल्या फाइलीत दर पानास एकच आवृत्ती येते. संपूर्ण इतिहास असलेल्या फाइलीत पानाच्या जन्मापासूनच्या आवृत्त्या, सामान्यतः जुन्याकडून नव्याकडे, एकामागून एक येतात. दोन्ही फाइलींचे स्वरूप एकच आहे. पहिल्या प्रकारची फाइल पाहून ‘रिव्हिजन’ एकवचनी ठरवणारी आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या फाइलीवर चालवली, तर नंतरचे मूल्य आधीचे पुसते अशा साधनात अखेर सर्वांत नवी आवृत्ती तेवढी उरते. पानाचा मजकूर योग्य दिसतो, त्रुटिसंदेश येत नाही आणि चूक लक्षात येत नाही. मात्र आधीच्या सर्व आवृत्त्यांबरोबर त्या लिहिणाऱ्या सदस्यांची नावेही गळालेली असतात. विकिपीडियाचा मजकूर लेखकांना श्रेय देण्याच्या अटीवर खुला असल्याने ही हानी केवळ तांत्रिक राहत नाही.

याच स्वरूपात ‘आयडी’ नावाचा घटक तीन पातळ्यांवर येतो : पानाचा क्रमांक, आवृत्तीचा क्रमांक आणि सदस्याचा क्रमांक. ‘पेज’च्या पोटातील सर्व पातळ्यांवरचे ‘आयडी’ गोळा केल्यास तीन भिन्न अर्थांच्या क्रमांकांची एकच यादी तयार होते. ती पुनरावृत्ती नव्हे, नामसाम्य आहे. म्हणून संग्रह करताना थेट अपत्य घटक हवे आहेत की सर्व वंशज, हे स्पष्ट करावे लागते.

मूळ घटकावर एक्सएमएलचे नामविश्व घोषित केलेले असल्यामुळे ‘एलिमेंटट्री’मध्ये नुसत्या ‘पेज’ या नावाने शोध घेतल्यास रिकामी यादी मिळते. पाने नाहीत आणि नाव जुळले नाही या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात.

## क्रम आणि मिश्र घटक

एक्सएमएलमध्ये गुणधर्मांचा क्रम अर्थपूर्ण नसतो, घटकांचा असतो. म्हणून पुनरावृत्त घटकांसाठी क्रम राखणारी यादी वापरणे योग्य ठरते. संच वापरल्यास क्रम जाऊ शकतो आणि समान मूल्यांची दुसरी नोंद नाहीशी होते. क्रमांकाला मूल्य जोडणारा नकाशा वापरल्यास एकच क्रमांक असलेल्या दोन नोंदींपैकी एकच उरते.

दोन प्रकारचे पुनरावृत्त घटक एकमेकांत मिसळून येतात तेव्हा अधिक काळजी घ्यावी लागते. एखाद्या पाठात परिच्छेद, आकृती, पुन्हा परिच्छेद असा क्रम असल्यास ‘परिच्छेद’ आणि ‘आकृती’ यांच्या दोन स्वतंत्र याद्या करणे सोपे असते. पण मग कोणती आकृती कोणत्या परिच्छेदानंतर होती ही माहिती उरत नाही. वस्तूंवरून दस्तऐवज पुन्हा लिहिला, तर आधी सर्व परिच्छेद आणि नंतर सर्व आकृत्या अशी मांडणी होते. हे टाळण्यासाठी दोन्ही प्रकारांना सामावणारा एक सामाईक आधारवर्ग घेऊन एकच मिश्र यादी करतात. जॅक्सबीमध्ये ‘एक्सएमएलएलिमेंट्स’ हे ॲनोटेशन एका यादीशी अनेक घटकनावे जोडते.

## रिक्त यादी आणि अनुपस्थित यादी

वेष्टन उपस्थित असून त्यात एकही घटक नसणे आणि वेष्टनच नसणे या दोन भिन्न स्थिती आहेत. पहिलीचा अर्थ ‘यादी आहे, ती रिकामी आहे’ असा होतो; दुसरीचा ‘यादीविषयी काही सांगितलेले नाही’ असा होऊ शकतो. ग्रंथकार अज्ञात असलेला ग्रंथ आणि ज्याच्या ग्रंथकाराची नोंद अद्याप केलेली नाही असा ग्रंथ यांत हा फरक महत्त्वाचा ठरतो. वेष्टनरहित रचनेत तो व्यक्तच करता येत नाही, कारण दोन्ही वेळी दस्तऐवजात काहीच लिहिलेले नसते.

आज्ञावलीच्या बाजूने घटक न आल्यास काही ठिकाणी रिकामी यादी मिळते आणि काही ठिकाणी ‘नल’ म्हणजे मूल्याचा अभाव मिळतो. नल असलेल्या यादीवर आवर्तन केल्यास अनेक भाषांत आज्ञावली थांबते. म्हणून वर्ग तयार होतानाच यादीला रिकामे आरंभमूल्य देण्याची प्रथा आहे. वरील फरक जपायचा असल्यास मात्र ही प्रथा विचारपूर्वक पाळावी लागते.

## मोठे दस्तऐवज

सर्व घटक वाचून झाल्यावर यादी हाती देण्याची पद्धत लहान दस्तऐवजांसाठी सोयीची असते. विश्वकोशाच्या संपूर्ण इतिहासासारख्या दस्तऐवजात ती स्मृतीच्या मर्यादेत बसत नाही. अशा वेळी सॅक्स, जावामधील स्टॅक्स किंवा पायथनमधील ‘इटरपार्स’ यांसारख्या प्रवाही साधनांनी एकेक पुनरावृत्त घटक वाचून, त्याची वस्तू तयार करून, तिच्यावरील काम संपताच ती सोडून देतात. येथे वस्तुसंग्रहाची जागा वस्तूंचा प्रवाह घेतो. ‘इटरपार्स’ वापरताना वाचलेला घटक रिकामा करणे आवश्यक असते, अन्यथा संपूर्ण वृक्ष स्मृतीत साठतच राहतो.

## नेहमी आढळणाऱ्या चुका

* एकवचनी क्षेत्राला पुनरावृत्त घटक जोडणे. साधनानुसार शेवटचे मूल्य उरते, पहिले उरते किंवा त्रुटी येते. पहिल्या दोन स्थितींत हानी निमूटपणे होते.
* वेष्टनाचे नाव आणि आतील घटकाचे नाव यांची अदलाबदल करणे. यादी रिकामी येते किंवा तिच्यात एकच पोकळ वस्तू येते.
* साधनाचे मूळ गृहीतक वेष्टनयुक्त आहे की वेष्टनरहित, हे न तपासणे.
* नामविश्वाचा उल्लेख न करता घटक शोधणे.
* डॉमवृक्षातील सर्व अपत्ये घटकच आहेत असे मानणे. ओळी सुबक दिसाव्यात म्हणून सोडलेली रिकामी जागाही वृक्षात मजकूर म्हणून येते आणि मोजणी चुकते.
* नावात अनेकवचन असलेला घटकच पुनरावृत्त असतो असे समजणे. प्रत्यक्षात अनेकवचनी नाव बहुधा वेष्टनाला असते आणि ते एकदाच येते.

## पडताळणी

रूपांतर बरोबर होते की नाही हे तपासण्यासाठी पुनरावृत्त घटक एकही नसलेला, एकच असलेला, अनेक असलेला आणि इतर घटकांत मिसळून आलेला असे किमान चार नमुना दस्तऐवज वापरतात. यांपैकी एकाच घटकाचा नमुना सर्वाधिक वेळा विसरला जातो. आज्ञावलीकार यादीची चाचणी घेताना स्वाभाविकपणे दोन-तीन नोंदी लिहितो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र एकाच ओळीचे देयक किंवा एकाच ग्रंथकाराचा ग्रंथ ही नित्याची गोष्ट असते.

त्यानंतर वस्तूंवरून दस्तऐवज पुन्हा लिहून तो मूळ दस्तऐवजाशी ताडून पाहतात. वाचताना घटकांची संख्या आणि तयार झालेल्या संग्रहाची सदस्यसंख्या स्वतंत्रपणे मोजून त्यांची तुलना करणे हीदेखील एक सोपी व परिणामकारक पद्धत आहे. निमूट गळतीत त्रुटिसंदेश नसतो, म्हणून ती उघडकीस आणण्यास अशी मोजदाद उपयोगी पडते.

## हे सुद्धा पहा

* एक्सएमएल
* एक्सएमएल स्कीमा
* जेसन
* वस्तुनिष्ठ आज्ञावली
* मीडियाविकी
* युनिकोड